आतड्यातलं विष तोंडावाटे औषध देऊन शोषून घेता येतं का?

नाशिकरोडहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे. न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल होते, तिथे भारी अँटिबायोटिक्स चालली. घरी आल्यावर आठवड्याभरातच पातळ जुलाब सुरू झाले, दिवसातून आठ-दहा वेळा. शौचाच्या तपासणीत 'क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, टॉक्सिन पॉझिटिव्ह' असं आलं, म्हणजे या जंतूचं (थोडक्यात 'सी. डिफ'चं) विष शौचात सापडलं. डॉक्टरांनी व्हँकोमायसिन तोंडावाटे द्यायला सांगितलंय. प्रश्न विचारणाऱ्यांच्या मेहुण्यांचा सिन्नरजवळ पोल्ट्री फार्म आहे. कोंबड्यांच्या खाद्यात ते 'टॉक्सिन बाइंडर', म्हणजे विष धरून ठेवणारी पूड, मिसळतात आणि त्याचा गुण येतो. मग माणसासाठी असं काही नाही का? अँटिबायोटिकमुळेच हे दुखणं आलं, तर पुन्हा अँटिबायोटिक कशाला? घरात कोळशाच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात, त्या सुरू करू का?

घाईची गोष्ट आधी सांगतो. कोळसा सुरू करू नका आणि व्हँकोमायसिनचा एकही डोस चुकवू नका. कारणं खाली सविस्तर देतो. मी नाशिकमध्येच पोटविकारांवर उपचार करतो आणि हा आजार आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीतला शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तो बिनबुडाचा नाही. आजार घडवतं ते जंतूचं विष, मग विषालाच धरा, असा विचार जगभरच्या संशोधकांनी केला. त्यावर मोठे प्रयोग झाले, काही कंपन्यांनी मोठा पैसा लावला. त्यातून जे हाती आलं ते समजलं की तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी अशी का आहे हे आपोआप कळेल. कुठल्याही विषाच्या बाबतीत मी तीन गोष्टी विचारतो: विष कोणतं आहे, ते कुठे तयार होतंय, आणि आपण त्याला पेशीत शिरण्याआधी गाठू शकतो की नंतर.

मेहुण्यांच्या कोंबड्यांपासून सुरुवात करू. निफाड-सिन्नर भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना हा विषय चांगला माहीत असतो. मका किंवा शेंगदाण्याची पेंड ओलसर राहिली की तिच्यावर बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे विष बाहेरून, खाद्याबरोबर पोटात जातं. त्याचा रेणू अगदी लहान आणि चपटा असतो, रेणुभार साधारण ३१२. बेंटोनाइटसारख्या मातीच्या थरांमध्ये तो बरोबर सरकतो आणि अडकून बसतो. शिवाय बाइंडर त्याच घासात मिसळलेला असतो, म्हणजे विष आणि त्याला धरणारा एकाच वेळी पोटात पोचतात. कोंबडीच्या आतड्याने विष शोषण्याआधीच ते मातीला चिकटतं आणि विष्ठेतून बाहेर जातं. उपाय खरा आहे, मेहुणे बरोबर सांगतायत.

तुमच्या वडिलांच्या आतड्यातली परिस्थिती जवळजवळ प्रत्येक बाबतीत उलटी आहे. सी. डिफचं विष म्हणजे प्रथिन. त्याचे दोन मुख्य प्रकार, ए आणि बी. त्यांचा रेणुभार अनुक्रमे सुमारे ३,०८,००० आणि २,७०,०००, म्हणजे अफ्लाटॉक्सिनच्या जवळपास हजारपट. एवढा मोठा रेणू मातीच्या त्या अरुंद थरांत शिरत नाही. फार तर पृष्ठभागाला चिकटतो, तोही कमी-जास्त. दुसरं असं की हे विष घासाबरोबर आलेलं नाही. मोठ्या आतड्यात, आतल्या आवरणाला लागून वाढणारे जंतू ते तासन्‌तास तयार करत असतात. तोंडातून घेतलेली पूड तिथवर पोचेपर्यंत वाटेतल्या अन्नाला, पित्ताला, इतर औषधांना चिकटून बरीचशी वाया गेलेली असते. आणि पोल्ट्रीची पूड माणसाच्या औषधाच्या कसोट्या लावून बनवलेली नसते, त्यामुळे ती घरात पाण्यात कालवून देण्याचा विचार मनातून पूर्ण काढून टाका. माणसांसाठी शुद्ध केलेली औषधी मातीही असते. डायोस्मेक्टाइट नावाने ती बऱ्याच देशांत मुलांच्या साध्या जुलाबांना देतात, आणि त्याने जुलाब साधारण एक दिवस लवकर थांबतात असं दिसलं आहे. पण खाणीतून येणाऱ्या मातीत शिशाचा अंश असू शकतो म्हणून २०१९ मध्ये फ्रान्सच्या औषध नियामकांनी दोन वर्षांखालच्या मुलांना ती न देण्याचा सल्ला दिला. सी. डिफवरचा उपचार म्हणून ती कुठेही मान्य नाही.

आता विष पेशीत शिरतं कसं ते पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. टॉक्सिन आतड्याच्या पेशीच्या बाहेरच्या भागावर एका ठरावीक जागी चिकटतं. पेशी त्याला आत ओढून घेते. आतल्या आम्लात त्याचा आकार बदलतो आणि त्याचा काम करणारा तुकडा कापला जाऊन पेशीच्या आतल्या द्रवात निसटतो. तिथे तो 'ऱ्हो' गटातल्या प्रथिनांवर साखरेचा एक कण चिकटवून त्यांना निकामी करतो. पेशीचा आकार आणि शेजारच्या पेशीशी असलेली घट्ट जोडणी या प्रथिनांच्या जिवावर टिकते. ती गेली की पेशी गोळा होतात, आवरणाला भेगा पडतात, सूज येते, पाणी झिरपतं. एकदा हा तुकडा आत गेला की आतड्याच्या पोकळीत असलेला कोणताही बाइंडर, कोणतीही पूड, त्याला मागे ओढू शकत नाही.

नाशिककरांना हे पुरावरून पटेल. गंगापूर धरणातून विसर्ग चालूच आहे, गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडत चाललाय आणि सराफ बाजारातल्या दुकानदाराने दुकानातलं पाणी उपसायला पंप लावलाय. पंप वाईट नाही, पण विसर्ग थांबल्याशिवाय दुकान कोरडं होत नाही. बाइंडर म्हणजे तो पंप. व्हँकोमायसिन विसर्ग थांबवतं, कारण ते विष तयार करणाऱ्या जंतूंनाच मारतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही, याची परीक्षा झालेली आहे. टोलेव्हॅमर नावाचा एक पॉलिमर (लांब साखळीसारखा रेणू) खास सी. डिफचं विष धरण्यासाठी बनवला होता. तो तोंडातून घ्यायचा, रक्तात शोषला जात नव्हता, जंतूंना मारत नव्हता, फक्त विषाला चिकटत होता. म्हणजे तुमच्या मनात जे औषध आहे नेमकं तेच. दोन मोठ्या चाचण्यांत त्याची मेट्रोनिडाझोल (दुसरं एक अँटिबायोटिक) आणि व्हँकोमायसिनशी तुलना झाली. निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले: टोलेव्हॅमर घेतलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के बरे झाले, मेट्रोनिडाझोलने सुमारे ७३ टक्के, व्हँकोमायसिनने सुमारे ८१ टक्के. एवढी तफावत असताना आजारी वृद्ध माणसाला नुसता बाइंडर देणं मला कधीच योग्य वाटणार नाही. त्या चाचण्यांत एक गोष्ट मात्र लक्षात राहण्यासारखी होती: टोलेव्हॅमरने जे बरे झाले, त्यांना आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण कमी होतं. त्या औषधाने आतड्यातल्या चांगल्या जंतूंना धक्का लावला नव्हता, म्हणून असं झालं असावं. तुमच्या 'पुन्हा अँटिबायोटिक कशाला' या शंकेत जो खरेपणा आहे, तो इथे दिसतो.

त्या शंकेचंही नीट उत्तर द्यायला हवं. आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जातींचे जंतू गुण्यागोविंदाने राहतात आणि त्यांच्या गर्दीत सी. डिफला डोकं वर काढता येत नाही. त्यातले काही जंतू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात आणि ती बदललेली आम्लं सी. डिफला वाढू देत नाहीत. न्यूमोनियाच्या अँटिबायोटिकने ही गर्दी पांगली आणि सी. डिफच्या बीजाणूंना (जंतूच्या टणक, झोपलेल्या रूपाला) मोकळं रान मिळालं. म्हणजे पहिल्या अँटिबायोटिकने राखण करणारे मेले. आता दिलेलं व्हँकोमायसिन सी. डिफला मारण्यासाठी आहे. ते बीजाणूंना मारत नाही आणि चांगल्या जंतूंचंही थोडं नुकसान करतं, हे खरं. म्हणूनच पहिल्यांदा बरे झालेल्यांपैकी साधारण पाचात एकाला आजार उलटतो. हा धोका पत्करूनही आपण ते देतो, कारण या क्षणी वडिलांचं आतडं विषाखाली आहे आणि ते थांबवणं पहिलं काम आहे. फिडॅक्सोमायसिन नावाचं औषध चांगल्या जंतूंना कमी त्रास देतं आणि त्याने उलटण्याचं प्रमाणही कमी होतं. ते मिळणं-परवडणं हा मुद्दा असतो, डॉक्टरांना विचारून पाहा.

व्हँकोमायसिनबद्दल घरोघरी होणारा एक गोंधळ इथेच दूर करतो. बऱ्याचदा मेडिकलमध्ये कॅप्सूल मिळत नाहीत, तेव्हा इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची कुपी पाण्यात विरघळवून तोंडावाटे द्यायला सांगतात. प्रत्येक वेळी १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, साधारण दहा दिवस. इंजेक्शनची कुपी प्यायला दिली म्हणून नातेवाईक घाबरतात, कुणी तर ते परस्पर शिरेतून देऊन घ्यायला निघतात. तसं करू नका. शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन आतड्याच्या पोकळीत जवळजवळ उतरतच नाही, आणि तोंडातून दिलेलं रक्तात फारसं शोषलं जात नाही. ते न शोषलं जाणं हेच आपल्याला हवंय, कारण शत्रू आतड्यात आहे. चव कडू असते. थोड्या सरबतात दिलं तरी चालतं. कुपी किती पाण्यात विरघळवायची आणि किती वेळ फ्रिजमध्ये ठेवायची हे तुमच्या औषध विक्रेत्याकडून लिहूनच घ्या.

आता कोळसा. ॲक्टिव्हेटेड चारकोलचं खरं काम विषबाधेच्या वॉर्डात असतं, एखाद्याने गोळ्या जास्त खाल्ल्या असतील आणि तासाभरात रुग्णालयात आणलं असेल तेव्हा. तो लहान रेणू चांगले धरतो. पण कुठला रेणू विष आणि कुठला औषध हे तो ओळखत नाही. वडिलांना रक्तदाब, थायरॉइड किंवा हृदयाच्या गोळ्या असतील तर त्यांचाही परिणाम कमी होईल, आणि जे व्हँकोमायसिन आतड्यात मोकळं राहायला हवं तेही कोळशावर बसेल. कोलेस्टायरामीन या पुडीचंही असंच आहे. ती काही प्रमाणात सी. डिफचं विष धरते म्हणून एकेकाळी वापरली गेली, पण ती व्हँकोमायसिनलाही धरते. एका हाताने औषध द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, यात रुग्णाचं नुकसानच होतं.

दुसरा प्रश्न नक्की येणार, म्हणून आधीच लिहितो: यीस्टच्या पुड्या. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट मेडिकलमध्ये सहज मिळतं. आंरी बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात पाहिलं की कॉलराच्या साथीत काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते. त्या फळांवरूनच त्याने हे यीस्ट वेगळं केलं. तोंडावाटे घेऊन विष निकामी करणारा पदार्थ म्हणून याचं नाव घ्यावं लागेल, कारण हे यीस्ट एक प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं विकर) सोडतं आणि ते सी. डिफच्या दोन्ही टॉक्सिन्सना तोडतं, शिवाय पेशीवरच्या चिकटण्याच्या जागेलाही धक्का देतं. प्रयोगशाळेत हे स्वच्छ दिसतं. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. १९९४ च्या एका चाचणीत नेहमीच्या अँटिबायोटिकसोबत हे दिल्यावर, ज्यांना आजार आधी उलटला होता त्यांच्यात पुन्हा उलटण्याचं प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. पण पहिल्यांदाच आजार झालेल्यांत खास फरक पडला नाही. नंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही, आणि उलटणं टाळण्यासाठी अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना प्रोबायोटिक्सची, म्हणजे अशा जिवंत उपयोगी जंतूंची, शिफारस करत नाहीत. माझा स्वतःचा कल असा आहे: रुग्णाची प्रतिकारशक्ती ठीक असेल, मानेत किंवा छातीत शिरेची मोठी नळी नसेल, तर जोडीला दिलं तरी मी अडवत नाही. अतिदक्षता विभागातल्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला मात्र देत नाही, कारण हे जिवंत यीस्ट क्वचित रक्तात उतरतं आणि ते संसर्ग जिवावर बेतू शकतात. फंगसविरोधी गोळ्या चालू असतील तर त्याचा उपयोगच नाही. गरम दुधात टाकलं तर मरून जातं.

दुधावरून आठवलं. काही घरांतून मला 'खरवस द्यायचा का?' असं विचारलं जातं, आणि त्यामागेही विचार आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना आणि विषांना धरणारी शरीराची प्रथिनं, भरपूर असतात. गाभण गाईला आधीच विशिष्ट जंतूंची लस दिली तर त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं दुधात उतरतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा लस दिलेल्या गाईंच्या दुधातली प्रतिपिंडं दहा निरोगी स्वयंसेवकांना देऊन मग जुलाब घडवणारे ई. कोलाय मुद्दाम पाजले. दहापैकी एकालाही जुलाब झाले नाहीत. साधी प्रतिपिंडं घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना झाले. केवढा फरक! पण इथे प्रतिपिंडं जंतूच्या आधी आतड्यात पोचलेली होती. आपल्या गोठ्यातल्या गाईला सी. डिफची लस दिलेली नसते, आणि खरवस वाफवताना प्रतिपिंडं उष्णतेने बरीचशी नष्ट होतात. खरवस चवीसाठी खावा, तोही वडील बरे झाल्यावर.

हाच 'आधी' कॉलऱ्याच्या लसीत दिसतो. कॉलऱ्याचं विष हीच खरी भानगड, हे आपल्या कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात टाकला, तरी तो पाण्याने टम्म फुगला. त्या विषाचा चिकटणारा, निरुपद्रवी भाग तोंडावाटे घेण्याच्या एका लसीत घातला गेला आणि बांगलादेशातल्या मतलब भागात १९८५ मध्ये तिची मोठी चाचणी झाली. पहिले सहा महिने सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळालं. आतड्याच्या आवरणावर प्रतिपिंडं आधीच तयार असली की विषाला चिकटायला जागा मिळत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू असताना मला हा इतिहास वारंवार आठवतो. १८६७ च्या हरिद्वार कुंभानंतर कॉलरा यात्रेकरूंसोबत दूरवर पसरला होता. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या माणसांना शुद्ध पाणी मिळणं हे कुठल्याही औषधापेक्षा आधीचं काम आहे.

विष एकदा पेशीत गेल्यावर काय करायचं, याचंही सगळ्यात सुंदर उत्तर कॉलऱ्यानेच दिलं. कॉलऱ्याचं विष पेशीतला एक स्विच चालू अवस्थेत अडकवतं आणि क्षार-पाणी बाहेर सांडत राहतं. ती पेशी काही दिवसांनी झडून नवी येईपर्यंत हे चालतं. पण त्याच पेशीत ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढणारी वाट शाबूत असते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी लोकांना पाजलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या पाण्याने विषाच्या एका रेणूलाही हात लावला नाही, तरी माणसं वाचली. म्हणून कोळशापेक्षा अशाच पाण्याच्या, म्हणजे ओआरएसच्या, पाकिटांवर पैसे खर्च करा. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्धं पाकीट पेल्यात नको. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाईच केली आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दिवसाला किती पाणी चालेल हे डॉक्टर ठरवतील.

सगळीकडे हाच धडा दिसतो. लहान मुलांत रक्ताचे जुलाब घडवणाऱ्या काही ई. कोलायचं शिगा टॉक्सिन धरण्यासाठी सिन्सॉर्ब नावाची पूड बनवली होती. २००३ मध्ये निकाल आले आणि फायदा दिसला नाही. मूल दवाखान्यात येईपर्यंत विष रक्तात पोचलेलं असतं. लग्नाच्या जेवणानंतर दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात, तेव्हा स्टॅफिलोकोकसचं विष पदार्थातच तयार झालेलं असतं आणि ते उकळूनही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातातलं बॅसिलस सीरियसचं उलटीचं विष तर १२१ अंशांवर दीड तास टिकतं. त्यामुळे सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीचा भात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. कढई कितीही तापवली तरी झालेलं विष जाणार नाही.

एका औषधाचा उल्लेख राहिला. बेझलोटॉक्सुमॅब हे टॉक्सिन बी ला निकामी करणारं प्रतिपिंड, पण ते शिरेतून द्यायचं. सूज आलेल्या आवरणातून ते आतड्यात झिरपतं. नेहमीच्या औषधासोबत दिल्यावर उलटण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलं. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये कंपनीने ते बंद केलं. ते चाललं, कारण जोडीला जंतू मारणारं औषध चालू होतं.

तेव्हा तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: माणसाच्या सी. डिफवर एकट्याने पुरेसा ठरेल असा तोंडावाटे घ्यायचा बाइंडर आज नाही. व्हँकोमायसिन हे पहिल्यासारखंच अँटिबायोटिक असलं तरी त्याचं लक्ष्य वेगळं आहे. आणि कोळसा या वेळी अपायकारक आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या अहवालात टॉक्सिनच पॉझिटिव्ह आहे आणि जुलाबही आहेत, त्यामुळे निदान पक्कं वाटतं. फक्त पीसीआर पॉझिटिव्ह असतं तर मी थोडा थांबलो असतो, कारण ती चाचणी विषाचं जनुक दाखवते, विष नव्हे, आणि काही माणसं हा जंतू नुसताच बाळगून असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.५ च्या वर असेल तर आजार गंभीर धरतात, ते दोन्ही आकडे पाहून घ्या. ॲसिडिटीची गोळी गरज नसताना चालू असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. जुलाब थांबवण्याची लोपेरामाइडची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

सुधारणा साधारण तीन ते पाच दिवसांत दिसते. ताप वाढला, पोट फुगून ताठ झालं, लघवी कमी झाली, वडील असंबद्ध बोलू लागले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आणि पोट फुगत असताना जुलाब एकाएकी थांबले तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. आतडं हालचाल करेनासं झालेलं असू शकतं.

खायला मऊ भात, पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, केळं, पचत असेल तर ताक. दूध काही दिवस बाजूला. घरातल्या सगळ्यांनी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत. शक्य असेल तर वडिलांसाठी संडास वेगळा ठेवा, नाहीतर बैठक आणि नळ ब्लीचच्या पाण्याने रोज पुसा.

औषध पूर्ण झाल्यावर शौच घट्ट झालं असेल तर पुन्हा तपासणी करायची गरज नाही. ती काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते आणि उगाच धास्ती वाढते. मात्र पुढच्या आठ आठवड्यांत जुलाब परत सुरू झाले तर लगेच दाखवा. पुन्हापुन्हा उलटत असेल तर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू प्रक्रिया करून आतड्यात सोडण्याचा उपचार आहे, तो मोठ्या केंद्रांत होतो आणि अशा रुग्णांत त्याचा गुण चांगला येतो. आणि यापुढे दाताच्या, घशाच्या, लघवीच्या कुठल्याही तक्रारीसाठी कुणीही अँटिबायोटिक लिहायला घेतलं, की आधी सांगा: यांना सी. डिफ होऊन गेलाय. हे त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.